समुद्रावरची मिरास

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पूर्व टोकापलीकडे सोलोर, अडोनारा आणि लेंबाटा अशी जी बेटांची माळ लागते, तिच्यातील लेंबाटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून आणि लाबालेकान या ज्वालामुखी पर्वताच्या उतरणीला पाठ लावून, लामालेरा नावाचे गाव वसलेले आहे. सुमारे दोन हजारांची वस्ती, पायाखाली खडक, खडकांच्या मधोमध वाळूचा एक आखूड पट्टा, त्या पट्ट्यावर शाकारलेल्या छपरांखाली ओळीने ठेवलेल्या नौका आणि त्यांच्या मागे चढणीवर घरे, एवढाच या गावाचा विस्तार. भात पिकेल अशी जमीन नाही, मका पिकेल अशीही थोडीच, आणि जी आहे तिचा मूळ हक्क गावातील बहुसंख्य कुळांकडे नाही. मालमत्तेचा इतिहास लिहिणारे सामान्यतः शेतापासून, बांधापासून आणि साऱ्यापासून आरंभ करतात; परंतु ज्या गावाजवळ वाटून घेण्याजोगी जमीन नव्हती, त्या गावाने सागराच्या उदरात स्वैर संचार करणाऱ्या, अद्याप दृष्टीसही न पडलेल्या प्राण्याच्या देहाची विभागणी पिढ्यानपिढ्या ठरवून ठेवली आणि तिच्या आधारावर कुळे, विवाह, कारागिरी आणि बाजार यांची उभारणी केली, ही गोष्ट मला मानवी संस्थांच्या इतिहासातील अत्यंत आदरणीय गोष्टींपैकी एक वाटते, आणि म्हणूनच तिची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

गावकरी आपला जो पूर्वेतिहास सांगतात तो कोणत्याही दफ्तरात नाही. तो कुळांतील वृद्धांच्या मुखात आहे. त्यानुसार त्यांचे पूर्वज सुलावेसी बेटावरील लुवुक प्रदेशातून निघाले, सेराम आणि अंबोन या मलुकूच्या बेटांवरून फिरत तिमोरच्या दिशेने उतरले आणि लेंबाटाच्या पूर्वेस लेपान व बातान या बेटांवर स्थिरावले. तेथे एके काळी समुद्र चढून आला, भूमी बुडाली, आणि वाचलेली कुटुंबे नौकांतून लेंबाटाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत शेवटी या खडकाळ आखातात येऊन पोहोचली. समुद्राने गिळलेल्या गावाची ही स्मृती कोणी दंतकथा म्हणून बाजूस सारू नये. कारण १९७९ च्या जुलै महिन्यात याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर डोंगराचा कडा समुद्रात कोसळून जी लाट उठली, तिने वायतेबाच्या परिसरात शेकडो माणसांचा बळी घेतला.

येथे पोहोचलेल्या या लोकांना भूमी निर्वेध मिळाली नाही. तुफाओना आणि लांगो वुजोन ही दोन कुळे येथे आधीपासून होती आणि तीच भूमीची स्वामी मानली जात. नवागतांनी त्यांच्याकडून राहण्याची जागा मिळविली, आणि त्या मोबदल्यात भूस्वामींचा जो हक्क मान्य झाला तो जमिनीच्या खंडाच्या रूपाने नव्हे, तर किनाऱ्यावर येणाऱ्या देवमाशाच्या मस्तकातील वाट्याच्या रूपाने. जमिनीचा मोबदला समुद्रातून फेडावयाचा, असा हा करार. या हक्काबरोबर एक कर्तव्यही आहे: हंगामाच्या प्रारंभी डोंगरावर जाऊन, देवमाशाच्या आकाराच्या एका शिळेपाशी विधी करून देवमाशांना गावाकडे बोलावणे हे लांगो वुजोन कुळाचे काम. गावाचा प्रत्यक्ष कारभार मात्र बातओना, ब्लिकोलोलोंग आणि लेवोतुकान या नवागतांच्या तीन प्रमुख कुळांकडे गेला, आणि त्यांना ‘लिका तेलो’ म्हणजे चुलीचे तीन धोंडे म्हणतात. एवंच, भूमीचे स्वामित्व एकाकडे, कारभार दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही एकमेकांवाचून गत्यंतर नाही, ही योजना गावाच्या पायातच घातलेली होती.

लिखित इतिहासात हा प्रदेश येतो तो पोर्तुगिजांच्या द्वारे, आणि तेथे गोव्याचा संबंध साक्षात आहे. तिमोरच्या चंदनाच्या लोभाने या समुद्रात आलेल्या पोर्तुगिजांमागोमाग सोळाव्या शतकाच्या मध्यास डॉमिनिकन धर्मोपदेशक सोलोर बेटावर उतरले आणि तेथे त्यांनी किल्ला बांधला. तो किल्ला, त्यावरचा अंमलदार आणि तेथील धर्मकार्य ही सारी गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या आधीन होती. १६१३ मध्ये डचांनी तो किल्ला जिंकला, पोर्तुगीज फ्लोरेसवरील लारानतुकाकडे सरकले, आणि पुढील दोन-अडीच शतके या दोन सत्तांची ओढाताण बेटाबेटांतून चालू राहिली. एका अनामिक लेखकाच्या १६२४ सालच्या पोर्तुगीज वृत्तांतात असा उल्लेख आहे की, या बेटांवरील लोक तेलासाठी देवमाशांना हार्पूनने मारतात. त्यांच्याकडून अंबरही विक्रीस येत असावे असे त्यावरून दिसते. युरोपियनांची देवमासे मारणारी जहाजे या पाण्यात गर्दी करू लागली ती त्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी. म्हणून ही विद्या लामालेराच्या लोकांनी गोऱ्या खलाशांकडून उचलली, अशी शंका घेण्यास मुळीच जागा उरत नाही.

१८५९ च्या लिस्बन येथील तहाने पोर्तुगालने फ्लोरेस, सोलोर, अडोनारा आणि लेंबाटा यांवरील आपला हक्क डचांना देऊन टाकला. गावाच्या दैनंदिन जीवनात या तहाने तत्काळ काही पालटले असे नाही. लामालेरा लारानतुकाच्या राजाच्या छत्राखाली होते, राजाच्या वतीने येथे ‘काकांग’ पदवीचा स्थानिक अधिकारी असे, आणि डच अंमल खऱ्या अर्थाने बेटावर बसला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा कर रोख नाण्यांत मागितला जाऊ लागला.

आता या गावाच्या मालमत्तेच्या गाभ्याकडे, म्हणजे नौकेकडे, वळावयास हवे. तिला ‘तेना’ म्हणतात. दहा-अकरा मीटर लांबीच्या या नौकेत लोखंडाचा खिळा घालीत नाहीत; फळ्या लाकडी मेखांनी एकमेकींत बसवितात, फळीच्या आतील अंगास कोरून ठेवलेल्या उंचवट्यांना वेताच्या बंधांनी आडवे वासे आवळतात, आणि सगळा सांगाडा असा लवचिक ठेवतात की देवमाशाच्या धडकेने तो दबेल पण दुभंगणार नाही. शीड गेबांग नावाच्या ताडाच्या पानांचे विणलेले असते. नाळेच्या पुढे पाण्यावर झुकलेली बांबूची एक माची असते. तिच्या टोकावर हार्पूनधारी ‘लामाफा’ उभा राहतो, आणि क्षण येताच बांबूच्या लांब दांड्यासह स्वतः देवमाशाच्या पाठीवर झेप घेतो, कारण केवळ बाहूच्या बळाने लोखंड त्या जाड कातडीत शिरत नाही, संपूर्ण देहाचे वजन त्यामागे यावे लागते. झेप घेतलेला माणूस पाण्यात पडतो, नौका दोरासह पुढे खेचली जाते, आणि त्याला पोहत परत यावे लागते. सुकाण्यावरच्या माणसास ‘लामाउरी’ म्हणतात आणि वल्हेकऱ्यांना ‘माट्रोस’, हा शब्द डच खलाशांकडून आलेला. हार्पूनचा मुख्य दोर, ‘लेओ’, हा कुळाच्या मूळ घरात ठेवतात. तो हातसुताचा व झाडांच्या सालीच्या तंतूंचा वळलेला असतो, आणि त्याला नौकेच्या प्राणाइतके जपतात.

तेनाचा एकटा मालक नसतो. ती एखाद्या कुळाच्या किंवा कुळाच्या शाखेच्या नावाने चालते, तिच्यात ठरलेल्या तक्षिमा असतात, आणि त्या तक्षिमा वारशाने चालतात. प्रासो सापांग, देमो सापांग, केबाको पुका अशी नौकांची नावे पिढ्यांच्या पिढ्या टिकून आहेत. फळ्या कुजतात, समुद्र नौका फोडतो, पुन्हा नवी बांधतात, पण नाव तेच आणि हक्कही तेच. पूर्वजांनी सोडून दिलेल्या नौकेचे पुनरुज्जीवन म्हणजे त्या कुळाच्या प्रतिष्ठेचे पुनरुज्जीवन मानले जाते. तक्षीमदाराने नौकेच्या दुरुस्तीस लाकूड, अन्न आणि श्रम द्यावेत, हे त्याच्याकडील देणे. आणि तो वृद्ध झाला, आजारी पडला किंवा विधवा मागे ठेवून गेला, तरी त्याच्या घरी मांसाचा ठरलेला भाग पोहोचावा, हे नौकेकडील देणे.

ज्याच्या शोधात ही नौका निघते तो दातांचा मोठा देवमासा, ‘कोतेक्लेमा’, म्हणजेच स्पर्म व्हेल. त्याखेरीज पायलट व्हेल, किलर व्हेल, डॉल्फिन, मांटा जातीचे अजस्र पाकट आणि शार्क हेही मारतात. परंतु दात नसलेल्या देवमाशांना, ज्यांच्यात निळा देवमासा येतो, हे लोक हात लावीत नाहीत. त्याच्या जातीने संकटात पूर्वजांना तारले अशी त्यांची श्रद्धा आहे. वर्षाकाठी हाती लागणाऱ्या मोठ्या देवमाशांची संख्या एकसारखी कधीच नसते. एखादे वर्ष चार-दोनांवर भागते, एखाद्या वर्षी तीसही लाभतात. या अनिश्चिततेमुळेच वाटणी निश्चित असावी लागली असेल.

देवमासा किनाऱ्यावर ओढून आणला की दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी सुऱ्या चालू लागतात, आणि त्या देहावर अदृश्य रेषा आखलेल्या असाव्यात अशा निश्चिंतपणे चालतात. एकाहून अधिक नौकांनी मिळून त्याला मारले असेल तर प्रथम नौकांमध्ये वाटणी होते, मग प्रत्येक नौकेच्या आत. हक्कांच्या मुख्यतः तीन जाती आहेत. एक श्रमाचा हक्क: त्या दिवशी जे वल्ह्यावर होते त्यांचा. दुसरा जन्माचा हक्क: नौकेच्या तक्षीमदारांचा, मग ते समुद्रावर गेलेले असोत वा नसोत. तिसरा विद्येचा हक्क: नौका बांधणारा सुतार ‘आता मोला’, हार्पूनची पाती घडविणारा लोहार, शीड विणणारा आणि स्वतः लामाफा, यांच्यासाठी देहाचे विशिष्ट भाग राखून ठेवलेले असतात. बलुत्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील तिसरा प्रकार समजण्यास वेळ लागणार नाही. भूस्वामीचा मस्तकातील भाग या साऱ्यांहून निराळा. आणि हे भाग मिळाले म्हणजे व्यवहार संपला असे नाही. घरी पोहोचलेला वाटा तेथून पुढे सासरी, माहेरी, शेजारी, विधवेकडे, अनाथाकडे असा तुकड्यातुकड्यांनी जात राहतो, आणि त्या दिवशी गावात रिकाम्या हाताने राहिलेले घर शोधूनही सापडत नाही. ऑक्सफर्डचे मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट बार्न्स यांनी या गावाचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या हक्कांचा तपशील ज्या बारकाईने नोंदविला आहे, त्याबद्दल सर्वांनीच त्यांचे ऋणी राहिले पाहिजे.

मांस लांब पट्ट्यांत कापून घरांपुढील बांबूंवर वाळत घालतात. चरबीच्या थरांतून उन्हाने पाझरणारे तेल खाली भांड्यांत धरतात, आणि तेच पूर्वी दिव्यात जळत असे. येथपर्यंत पुरुषांचे काम ठळकपणे दिसते. पण केवळ मांसावर गाव जगत नाही. मांसाचा मका होतो तो स्त्रियांच्या पायांनी.

‘पेनेतांग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रिया वाळलेल्या मांसाच्या पट्ट्या, मीठ आणि पोवळ्यांचा खडक भाजून केलेला चुना टोपल्यांत भरून, त्या टोपल्या मस्तकावर घेऊन, उजाडण्यापूर्वीच डोंगराची वाट धरतात. डोंगरातील शेतकऱ्यांच्या गावांत त्यांची ठरलेली घरे असतात; अशा घरोब्याच्या देवाणघेवाणीच्या नात्याला ‘प्रेफो’ म्हणतात, आणि ते नाते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जाते. दुष्काळाच्या वर्षी डोंगरातले प्रेफो मका पुढे देतात, मासळीच्या वर्षी तो फेडला जातो. कागद नाही, साक्ष नाही, व्याज नाही. विनिमयाचा दर एका पट्टीस बारा कणसे असा रूढ आहे, आणि केळी, रताळी, सुपारी यांचेही असेच मोजमाप ठरलेले असते. सहा नगांचा एक ‘मुंगा’ धरून हिशेब चालतो. दर शनिवारी किनाऱ्यावरील वुलानडोनी येथे भरणाऱ्या बाजारात हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर होतो. समुद्राकडच्या स्त्रिया एका बाजूस, डोंगराकडच्या दुसऱ्या बाजूस बसतात. बाजाराचा अधिकारी फिरून ऐनजिनसी जकात वसूल करतो, मग शिट्टी वाजवितो, आणि त्यानंतरच देवाणघेवाण सुरू होते. नाण्यांचा उपयोग जगाला इतका सर्वव्यापी झाल्यावरही हा बाजार का टिकला, याचे उत्तर मला असे वाटते की नाण्याची किंमत बाहेरच्या जगात ठरते, आणि मका व मांस यांची सांगड मात्र या दोन समाजांनी परस्परांच्या भुकेचे मोजमाप घेऊन ठरविलेली आहे.

या अल्पसंतुष्ट दिसणाऱ्या अर्थव्यवस्थेत अत्यंत मौल्यवान अशीही एक मालमत्ता आहे, आणि ती डोळ्यांनी पाहिल्यावाचून खरी वाटू नये अशी आहे: हत्तीचे सुळे. या बेटांवर हत्ती नाही. तरीही लामाहोलोत भाषा बोलणाऱ्या या सर्व समाजांत विवाहप्रसंगी वरपक्षाकडून वधूपक्षाकडे जावयाचे मुख्य देणे म्हणजे हस्तिदंत, आणि त्याची प्रत सुळ्याच्या लांबीवर, हाताने मोजून ठरते. शतकानुशतके व्यापारी जहाजांतून आलेले हे सुळे आता नव्याने येत नाहीत. जे आहेत तेच एका कुळाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. मुली द्यावयाचे कुळ वेगळे, मुली आणावयाचे कुळ वेगळे, असा येथील नियम असल्याने सुळेही ठरलेल्या दिशेनेच वाहतात, आणि कुळाच्या घरात आज असलेला सुळा हा बहुधा उद्याच्या एखाद्या विवाहाचे आगाऊ देणे असतो.

त्याच्या उलट दिशेने येते ते वस्त्र. येथील स्त्रिया कापूस कातून, सूत बांधून रंगवून, आलाच्या मुळांच्या तांबड्या आणि निळीच्या रंगात जी वस्त्रे विणतात, त्यांतील तीन पट्ट्यांचे वस्त्र सर्वांत मानाचे, आणि वधूपक्षाकडून ते आल्यावाचून हस्तिदंताचे उत्तर पूर्ण होत नाही. या वस्त्रांच्या आकृतींवर गुजरातच्या पटोल्याची छाया स्पष्ट दिसते. पाटणसारख्या गावांत विणलेले रेशमी पटोले सुरतेच्या बंदरातून डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे या बेटांकडे नेत असत, आणि तेथे ते अंगावर वापरण्याऐवजी कुळाच्या ठेव्यात जपून ठेवले जात. ज्या सुरतेचा उल्लेख मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० या दोन सालांमुळे प्रथम आठवतो, त्याच सुरतेच्या वखारींतून निघालेले रेशीम लेंबाटाच्या एखाद्या विणकरणीच्या हाताला आकृती शिकवून गेले, हे समुद्राने जोडलेल्या जगाचे चित्र मनात ठेवण्यासारखे आहे.

ख्रिस्ती धर्म गावात आला तो हळूहळू. १८८६ मध्ये एका जेझुइट धर्मगुरूने येथे मुलांना बाप्तिस्मा दिला. परंतु गावाचे धर्मांतर घडले ते १९२० नंतर, बर्नहार्ट बोडे या जर्मन मिशनऱ्याच्या दीर्घ वास्तव्यात. जुनी देवस्थाने गेली, नौकांना पवित्र जलाचा आशीर्वाद मिळू लागला, रविवारी शिकारीस न जाण्याचा शिरस्ता पडला. पण हक्कांच्या रचनेस धर्मांतराचा धक्का लागला नाही. एप्रिलच्या अखेरीस, हंगाम सुरू होण्यापूर्वी, आजही किनाऱ्यावर गावाची सभा भरते. मागच्या वर्षीचे कज्जे, भूस्वामींच्या तक्रारी, कुळाकुळांतील रुसवे तेथे उघडपणे मांडले जातात, कारण गावात कलह असेल तर देवमासा येत नाही आणि लामाफाच्या घरात कलह असेल तर त्याचे लोखंड बसत नाही, ही समजूत येथे जुनी आहे. त्यानंतर लांगो वुजोनचा डोंगरावरील विधी होतो, समुद्रात मेलेल्यांसाठी प्रार्थना होते, आणि १ मे रोजी किनाऱ्यावरील प्रार्थनेनंतर प्रासो सापांग ही नौका सर्वांआधी पाण्यात उतरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरचे जग गावापर्यंत अनेक मार्गांनी येऊ लागले. १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने एक जहाज आणि एक नॉर्वेजियन तज्ज्ञ पाठवून ही शिकार आधुनिक करण्याचा प्रयत्न केला. तीन वर्षांनंतर तो सोडून देण्यात आला, आणि गावकऱ्यांची पद्धत त्यांच्या साधनांस व संस्कृतीस अनुरूप आहे असा अभिप्राय खुद्द संघटनेनेच दिला. १९७९ च्या कायद्याने साऱ्या इंडोनेशियातील ग्रामकारभार एका साच्यात बसविला. पुढे १९९९ च्या शासकीय नियमाने देवमासे संरक्षित प्राण्यांत आले, २००९ मध्ये सावू समुद्रात संरक्षित क्षेत्र घोषित होताना गावाने कडाडून विरोध केल्यामुळे लेंबाटाचे पाणी त्यातून वगळले गेले, आणि २०१४ मध्ये मांटा पाकट मारण्यास बंदी झाली. इंडोनेशिया आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाचा सदस्य नाही, आणि लामालेराची शिकार निर्वाहापुरती असल्याने ती प्रत्यक्षात चालू राहिली. संरक्षणाचा हेतू थोर आहे, हे मी मनापासून मानतो. परंतु ज्यांनी चार-पाचशे वर्षे वल्ह्यांनी आणि हातांनी एवढेच घेतले, त्यांना या समुद्राच्या ऱ्हासाचे धनी ठरविणे न्यायाचे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

या साऱ्या हुकुमांहून खोल परिणाम केला तो मोटरीने. बाहेरून बसविलेल्या यंत्रावर चालणाऱ्या लहान होड्यांना गावात यंत्राच्या नावावरून ‘जॉन्सन’ म्हणतात. तेना कुळाची, जॉन्सन मात्र ज्याने पैसा घातला त्या कुटुंबाची. रात्री टाकावयाची जाळीही तशीच खाजगी. त्यांच्या मिळकतीतून प्रथम इंधनाचा खर्च जातो, मग यंत्राच्या धन्याचा भाग, मग खलाश्यांचा. आणि इंधनासाठी रोख पैसा लागतो, म्हणून मासळीचा काही अंश डोंगराच्या वाटेऐवजी लेवोलेबा शहराच्या बाजाराकडे जाऊ लागतो. जॉन्सनमुळे शिकार सुलभ झाली, धोका कमी झाला, हे कोणी नाकारीत नाही. परंतु दात असलेला मोठा देवमासा दिसला आणि ‘बालेओ’ ही आरोळी किनाऱ्यावरून चढणीवरच्या घरांपर्यंत पोहोचली, की जॉन्सन पुढे होऊन तेनाला दोराने ओढीत खोल पाण्यात नेते, देवमासा जवळ येताच तो दोर सोडते आणि बाजूस सरते; माचीवर लामाफाच चढतो, आणि किनाऱ्यावर आणलेल्या देहाची वाटणी आजही जुन्याच तक्षिमांप्रमाणे होते.